बाईंकडे मुक्काम

परवा नात म्हणाली, मैत्रिणीच्या घरी सगळ्याजणी मिळून झोपायला जमणार आहेत, मी जाऊ का? सून म्हणाली, अगं, पण तू अजून लहान आहेस. मुलगा म्हणाला, कितव्या वर्षी पाठवायचं असतं कोण जाणे. मी कोपऱ्यातून म्हणाले, "तोंड उघड बघू."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नातीनं बिचारीनं तोंड उघडलं. वरचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते, करवतीसारख्या कडांचे. "जाऊ दे तिला," मी म्हटलं. "वय झालंय."

हे माझं शहाणपण नव्हे. हे आमच्या बाईंचं. आणि बाईंची आठवण निघाली की मला एका जागी बसून बोलता येत नाही. आत्ताही दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आले.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. मोठी लढाई चालू होती ते दिवस. मुलींच्या शाळेला एकच बाई. मूळच्या वाईकडच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्यात शिकून मास्तरीण झालेल्या. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. नुसतं बाई.

बाई माणसाला नाव विचारायच्या आधी वय विचारायच्या. लहान पोर असो, पाटलांची म्हातारी आई असो, नाहीतर बाजारात दोरीला बांधलेली शेळी असो. "वय काय हो हिचं?" शेळीवाला गांगरून जायचा. त्याला वाटायचं बाई शेळी घेणार. बाई तोवर पुढं निघून गेलेल्या असायच्या.

त्यांना बसवत नसे. वर्गात खुर्ची होती, तिच्यावर पाट्यांची चळत ठेवलेली असे. बाई भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत शिकवायच्या, आणि आमच्या माना त्यांच्यामागून फिरायच्या. पाढे म्हणताना आम्हीही उभ्या. जरा कुणी भिंतीला टेकली की "सरळ! बसल्या जागी माणूस आंबतं!" जेवणसुद्धा उभ्यानं. एका हातात भाकरी, तिच्यावर ठेचा, आणि अंगणात येरझाऱ्या. भाड्याची खोली दरवर्षी बदलायच्या. खोली तीच असली तर अंथरुणाची जागा बदलायच्या. आज चुलीकडं डोकं, उद्या दाराकडं. रात्री त्यांना झोप लागत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि अशा बाईनं गावातल्या पोरींना आपल्या घरी झोपायला बोलवावं, हे गावाला मुळीच उमगत नव्हतं.

मुक्काम हा त्यांचाच शब्द. शनिवारी शाळा सकाळची. त्या रात्री तीन-चार मुलींनी बाईंकडं मुक्काम करायचा, आपापली भाकरी आणि वाकळ घेऊन. रविवारी उजाडल्यावर आपल्या पायांनी घरी जायचं. बस, एवढंच. गोष्टी नाहीत, खाऊ नाही. पण कुणीही उठून जायचं नाही. ज्यांचं वय झालंय त्यांनाच बोलावणं. आता आमच्या वेळी जन्मतारीख कोण लिहून ठेवत होतं? आईला विचारलं तर म्हणायची, "म्हस पयल्यांदा व्याली त्या साली झालीस." म्हणून बाईंनी दातांचं माप काढलं होतं. पुढचे दोन पडून नवे आले की मुलगी मुक्कामाला लायक. दात हलत असतील तर थांबायचं. सगळेच दात नवे झाले असतील तर उशीर झाला.

त्या आमच्या घरी आल्या तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, सोप्यात दोर वळत होते. बाईंनी मला तोंड उघडायला लावलं आणि अंगठ्यानं ओठ वर केला.

"बाई, पोरगी हाय ती. बाजारातला खोंड न्हवं," आबा म्हणाले.

"झालंय वय. शनिवारी पाठवा."

"आवं, पन कशापायी? आमचं घर काय पडलंय व्हय? पोरीनं दुसऱ्याच्या घरात का निजायचं?"

"घर पडल्यावर सगळेच दुसरीकडे निजतात. त्याला शिकावं लागत नाही."

"मंग ह्यात शिकायचं काय?"

"परत यायचं," बाई म्हणाल्या, आणि उंबऱ्याबाहेर पडल्या. आबांचं उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत. आईनं डोळे पुसले, जसं काही मी लांबच्या गावाला निघाले होते. बाईंची खोली आमच्या गल्लीच्या पलीकडच्या गल्लीत होती.

त्या शनिवारी आम्ही चौघी होतो. मी, तांबोळ्यांची जैनब, देवळातल्या भटजींची कमल, आणि कुणब्यांची एक मुलगी, जिचं नाव आता आठवत नाही. वाकळा शेजारी-शेजारी टाकल्या. रॉकेल मोजकंच मिळे, म्हणून कंदील खुंटीलाच असे. करंजाच्या तेलाचा दिवा, त्याचा कडवट वास. परक्या घराला वास असतो हे मला त्या रात्री कळलं. छपरातून वेगळे आवाज येतात. आपल्या गोठ्यातली म्हैस पाय बदलते तो आवाज नसतो, तेव्हा कान तोच शोधत बसतात.

मी रडले नाही. उठून म्हटलं, "बाई, मला घरी जायचंय."

मला वाटलं, समजूत काढतील, नाहीतर ओरडतील. बाईंनी खुंटीवरचा कंदील काढला. "चल."

बाकीच्या तिघींना सांगितलं, मी आलेच, आणि आम्ही निघालो. बाई पुढं, मी त्यांचा पदर धरून. गल्लीच्या तोंडाशी आलो. आमचं दार बंद होतं. आत आबा खोकले. म्हशीच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली. मी तिथंच थांबले.

"जायचं ना?" बाई म्हणाल्या.

मी मान हलवली, नको म्हणून.

"बघितलंस? घर जागेवर आहे?"

"हाय."

"मग झोपायला हरकत नाही." आणि बाई वळल्या. मी परत गेले आणि उजाडेपर्यंत झोपले. सकाळी मी घरी गेले तर आई दारातच उभी होती, पण मी तिच्या बाजूनं तशीच आत गेले आणि म्हशीला वैरण टाकली. का कोण जाणे, मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

रात्री परक्या घरात झोपणं ही आमच्या भागात तेव्हा साधी गोष्ट नव्हती. सरकारविरुद्ध उठलेली भूमिगत माणसं रोज वेगळ्या घरी मुक्काम करायची. त्यामुळं बाईंच्या मुक्कामाची बातमी भलत्याच रूपात तालुक्याला पोचली. एका शनिवारी आम्ही झोपलो असताना दारावर काठी वाजली. दारात हवालदार, मागं एक शिपाई.

"हितं रातीची मान्सं मुक्कामाला येत्यात. खबर हाय आमाला."

"येतात," बाई म्हणाल्या. "आज चौघीजणी आहेत. हळू बोला. जैनब आत्ताच रडून झोपलीय."

हवालदारानं बॅटरी आत मारली. आम्ही वाकळेतून डोळे किलकिले करून बघत होतो. उजेड एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर गेला.

"ही कुनाची?"

"तांबोळ्यांची."

"आन् ही?"

"भटजींची."

"शेजारी शेजारी?"

"झोपेत एकमेकींना लाथा मारतात. तेवढंच. बॅटरी डोळ्यांवर मारू नका हो. तुम्हाला मुलगी आहे?"

हवालदारानं बॅटरी खाली केली. "हाय की."

"वय काय?"

"काय म्हाईत. ढोरांमागं जायला लागलीय."

"पुढचे दात पडले?"

"हालत्यात."

"पडून नवे आले की पाठवून द्या."

शिपाई मागं हसला. हवालदारानं त्याच्याकडं रागानं बघितलं, बॅटरी विझवली आणि निघून गेला. बाई आपल्या फिरत राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात मात्र एका शनिवारी कानात चांदीच्या बाळ्या घातलेली हवालदाराची मुलगी वाकळ घेऊन दारात उभी राहिली. शिपाई तिला सोडायला आला होता. ती रात्रभर घोरली, बापासारख्याच मोठ्या आवाजात.

आता गंगूचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच एवढी उठबस चाललीय माझी.

गंगू माझी थोरली बहीण. तिचे सगळे दात नवे होते. चौथीपर्यंत बाईंच्याच हाताखाली शिकली, मग घरात राहिली. मी मुक्कामाला जाऊन आल्यावर ती बाईंच्या मागं लागली, मलाही बोलवा. बाई म्हणाल्या, "तुझं वय गेलं गं." गंगूनं असं तोंड केलं, की बाई चालता चालता मागं आल्या. "बरं, ये. ये शनिवारी."

पण तो शनिवार आलाच नाही. चुलते पलटणीत होते. मिसरहून रजेवर आले, आणि ते परत जायच्या आत गंगूचं लगीन उरकायचं ठरलं. सांगलीच्या अलीकडचं गाव, उसाची बागायत, एकुलता मुलगा. गंगू तेरा वर्षांची, पण विचारणाऱ्याला पंधरा सांगायचं. आई म्हणाली, "लगीन ठरल्याली पोर रातीची भाईर निजाय जायाची न्हाई." बाई आबांशी भांडायला आल्या. अंगणात इकडून तिकडं चालत एवढंच म्हणत राहिल्या, "एक रात्र तरी. अहो, एक रात्र तरी." आबा दोर वळत राहिले. चौदाच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही हा कायदा बाईंना ठाऊक होता, आबांनाही ऐकून ठाऊक होता. गावात तो कुणी मानत नव्हतं.

लगीन झालं. गंगू गेली. सणाला आली, आणि परत जायच्या दिवशी कुठं सापडेना. कडब्याच्या गंजीमागं बसली होती. आबांनी स्वतः गाडी जुंपून तिला पोचवली.

मग सांगलीच्या बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवानाकडून बातमी आली. गंगू रात्री झोपत नाही. उठून दाराशी जाऊन बसते. विचारलं तर बोलत नाही. सासरच्यांना वाटतंय, लागीर झालंय. येत्या अमावस्येला देवऋषाकडं नेणार आहेत. देवऋषी चाबूक मारतो, मिरचीची धुरी देतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आईनं अन्न सोडलं. आबा म्हणाले, "कालपरवा नेऊन सोडली. आता कुठल्या तोंडानं जाऊ? मान्सं काय म्हनतील?"

बाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात उभ्या. मला म्हणाल्या, "वाकळ घे. मुक्कामाला जायचंय."

"कुठं?" आईनं विचारलं.

"गंगूकडे. तुम्हाला जाता येत नाही. मला कुणी बोलावलेलं नाही, म्हणून मला जाता येतं."

सर्विस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं भट्टी लावलेली, धूर आणि ठिणग्या. चढ आला की माणसं खाली उतरून ढकलायची. बाई चढ यायच्या आधीच उतरायला तयार. सपाटीवरही त्या दोनदा म्हणाल्या, "मी आपली चालत येते बरोबर." ड्रायव्हर म्हणाला, "आवं बसा की वं बाई, पैसं दिल्यात ना?" मोटारीत बसून राहणं ही त्यांना शिक्षा होती. गुडघे सारखे हलत होते. त्या भ्यालेल्या होत्या हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आम्ही पोचलो तेव्हा गंगूची सासू चुलीपुढं होती. मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. घर चांगलं होतं, गोठ्यात बैल धष्टपुष्ट. गंगू परातीत पीठ मळत होती. मला बघून तिनं एका हातानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं पीठ मळत राहिली. सोडेचना.

"कोन वं तुमी?" सासूनं विचारलं.

"गंगूची बाई. शाळेतली. आज तुमच्याकडे मुक्काम करीन म्हणते."

"कशापायी?"

"मुक्कामाला काय पायी असतं? बाईमाणूस आहे, दारात आलेय. वय काय तुमचं?"

सासूनं हातातली फुंकणी खाली ठेवली. "मला काय म्हाईत? लेकाचं लगीन झालं, एवढं म्हाईत हाय. बसा. च्या घ्या." बाई बसल्या नाहीत. चहा घेऊन त्या घरभर हिंडल्या, गोठा बघितला, परसातलं भाजीचं माळवं बघितलं, गंगूच्या नवऱ्याला वय विचारलं. तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, लाजून मळ्यातच झोपायला गेला.

रात्री आम्ही बायका माजघरात निजलो. मला डोळा लागला असेल-नसेल, गंगू उठली. दाराशी गेली आणि कडीकडं तोंड करून बसली. नुसती बसली. रडत नव्हती, काही नाही.

"बगा," सासू अंथरुणातूनच म्हणाली. "रोज ह्ये असंच. ह्येला काय म्हनायचं? आमी काय मारतोय का हिला? पोटभर खाती, काम करती. आन् रातच्याला ह्ये."

बाई जाग्याच होत्या. म्हणाल्या, "कडी काढा. दार उघडा जरा."

"कशाला? हितनं काय हिचं घर दिसतंय व्हय? मोटारीनं निम्मा दिस लागतुया."

बाईंनी खुंटीकडं बघितलं. कंदील खुंटीवर होता, पण त्यांनी तो काढला नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन दाखवावं असं काही तिथं नव्हतं. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या, आणि मग बोलायला लागल्या, कुणाकडं न बघता.

"मी नऊ वर्षांची होते. नवं लुगडं मिळालं, बुंदी मिळाली. मला सगळं आवडलं. वरातीत बसायला मिळालं तेही आवडलं. तिथं पोचलो, जेवणं झाली, आणि मी म्हटलं, चला आता घरी. सगळे हसले. सासरे हसले, दीर हसले. मला कळेना यात हसण्यासारखं काय. मला कुणी सांगितलंच नव्हतं, की इथंच राहायचं असतं."

मग सासू उठून बसली.

"मी बाच्या गाडीत जाऊन बसली हुती," ती म्हणाली. तिचा आवाज दिवसाच्या निम्म्यानं झाला होता. "लगीन लागलं, पंगत उठली, मी म्हनलं आता निगायचं. आदीच जाऊन बसली, जागा गावावी म्हनून. लय येळ बसली. मग बगितलं तर गाडीला बैलच न्हवतं. मान्सांनी बैल सोडलं हुतं."

"किती वर्षांची होता?"

"म्हाईत न्हाई म्हनलं की. पाय खाली पोचत न्हवतं माजं गाडीतनं."

"नंतर माहेरी जाऊन राहिलात कधी?"

"पयल्या सनाला. मग आई मेली तवा गेली हुती. सांच्याला माघारी आली. म्हशी हुत्या, धारा काडायच्या हुत्या." मग ती म्हणाली, "आवं, तवापासनं म्हशीच हायत्या."

गंगूनं दाराकडचं तोंड वळवलं. ती सासूकडं बघत होती. अशा नजरेनं, की जणू ही बाई आत्ताच या घरात आलीय. सासूनं आपली वाकळ उचलली, दाराशी नेऊन टाकली आणि गंगूच्या शेजारी आडवी झाली. पुढं काय झालं मला माहीत नाही, मी झोपले. बाई काही झोपल्या नाहीत. सकाळी उठले तर त्या बाहेर रस्त्यावर फिरत होत्या आणि गावातली कुत्री त्यांच्यामागं चालली होती.

भाकऱ्या झाल्यावर सासूनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं. लेकाला हाक मारली. "मी सुनंला म्हायारी नेऊन सोडती. म्हशींचं तू बग."

"आन् देवरुशाचं?"

"देवरुशाचं मी बगती. तू म्हशींचं बग म्हनलं न्हवं?"

आम्हा चौघींना दारात बघून आईच्या हातातलं सूप गळून पडलं. विहीणबाई स्वतः सुनेला घेऊन आली म्हणजे पोरगी टाकली, असंच तिला वाटलं. आबा पागोटं शोधायला लागले. सासू सोप्यात बसली आणि ठसक्यात म्हणाली, "पोरगी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आंगानं भरू द्या, शानी होऊ द्या. सनावाराला एक रात आनून सोडायची, मग दोन. मी सांगीन तवा नांदाय पाठवा. कुनी काय बोललं तर माझ्याकडं धाडून द्या." आबांनी हात जोडले.

तसंच झालं. गंगू पुढं तीन-चार वर्षांनी नांदायला गेली, तेव्हा गाडीत स्वतः चढून बसली. चांगली नांदली. तिच्या लेकींची लग्नं तिनं अठराच्या आत होऊ दिली नाहीत. बाईंची मात्र, गंगू माहेरी परत आली त्याच वर्षी, माणदेशाकडं बदली झाली. मुलींना बिघडवतात, परक्या घरात झोपायची चटक लावतात, अशी कुणीतरी तक्रार केली होती. त्या गेल्या तेव्हा मी गावात नव्हते. औंधाच्या यात्रेत कुणालातरी दिसल्या होत्या म्हणतात, गर्दीतून भराभर चालताना. नंतर काही कळलं नाही. त्यांचं वय मात्र आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. गंगूच्या सासूबाई सुनेला सोडायला आल्या, त्या संध्याकाळची परतीची मोटार त्यांनी धरली नाही. म्हणाल्या, "आज हितंच ऱ्हाती." दुसऱ्या दिवशी आईनं ओटी भरली, तर म्हणाल्या, "एवडी गडबड काय हाय?" तिसऱ्या दिवशी त्यांचा लेक सायकल हाणत आला. घामाघूम. त्याला त्यांनी जेवू घातलं आणि परत पाठवून दिलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं, धारा निघाल्या, न्याहरीची वेळ झाली, तरी सासूबाई उठल्या नाहीत. ऊन माजघरात आलं. आई घाबरली. लेकीची सासू आपल्या घरात अशी झोपलीय, उठवावं तर अपमान, न उठवावं तर आणखी काही. मला म्हणाली, "पळ, बाईंना इचारून ये काय करायचं."

बाई अंगणात होत्या, हातात भाकरी. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती वेळ झोपल्यात?"

"कालच्या दिवेलागणीपास्नं."

"घोरतायत?"

"लय."

"उठवायचं नाही कुणी. चल, मी तुझ्या आईला सांगते." आणि त्या इतक्या झपाट्यानं निघाल्या की मला पळावं लागलं.

आम्ही दाराशी पोचलो, तर गंगू अंगणात होती. कोंबड्या कलकलाट करत उंबऱ्याकडं येत होत्या, आणि ती दोन्ही हात पसरून, ओठ घट्ट मिटून, जराही आवाज न करता त्यांना मागं हटवत होती.